सारखं बदलणारं लिनक्स की ठरलेल्या वेळी बदलणारं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिली जाणारी नेहमीची मदत थांबवली. त्यानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागला. शाळेत, दुकानात, घरी असे कितीतरी संगणक आहेत जे ठणठणीत चालतात, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांचं काय करायचं? कुणीतरी सांगतं, लिनक्स टाका, फुकट आहे. आपण तयार होतो आणि पुढच्याच पायरीवर अडतो, कारण लिनक्स एक नाही. उबंटू आहे, डेबियन आहे, फेडोरा आहे, आर्च आहे, आणखी शेकडो आहेत. यातलं कोणतं टाकायचं?

नावांची यादी वाचून हा प्रश्न सुटत नाही. त्याआधी एक फरक समजून घ्यावा लागतो, आणि अंतरवाली सराटीतल्या या व्याख्यानात आम्ही तेवढाच घेणार आहोत. काही लिनक्स ठरलेल्या वेळी बदलतात, काही सारखी बदलत राहतात. पहिल्या रीतीला फिक्स्ड रिलीज म्हणतात, दुसरीला रोलिंग रिलीज. यातली चांगली कोणती, असं विचारलं तर वाद रात्रभर चालेल. तुमच्या संगणकाजवळ कोण बसणार आहे, असं विचारलं तर उत्तर लवकर सापडतं.

डिस्ट्रो म्हणजे नेमकं काय?

लिनक्स हे नाव खरं तर गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते लिहायला सुरुवात केली. पण नुसत्या कर्नलवर तुम्हाला पत्र टाइप करता येत नाही. त्याच्यावर खिडक्या-मेनू दाखवणारा भाग लागतो, अक्षरं मांडणारा भाग लागतो, ब्राउझर लागतो, ऑफिस लागतं, प्रिंटर चालवणारा भाग लागतो. अशी हजारो पॅकेजेस जगभरातले वेगवेगळे लोक आपापल्या जागी बसून तयार करतात. ती गोळा करून, एकमेकांशी जुळतात का ते पाहून, तुमच्यापर्यंत पोचवणारी जी मंडळी असतात त्यांच्या गठ्ठ्याला डिस्ट्रो म्हणायचं. आपल्याकडे सी-डॅकने केलेली 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, ही अशीच एक डिस्ट्रो. ती डेबियनवर उभी आहे.

आता अडचण बघा. या हजारो पॅकेजेसची चाल सारखी नाही. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. फायरफॉक्सची चार आठवड्यांनी येते. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. काही पॅकेजेस दोन-दोन वर्षं हलत नाहीत. मग गठ्ठा बांधणाऱ्याने काय करायचं? जे नवं आलं ते आलं तसं पुढे पाठवायचं, की सगळं गोळा करून एका दिवशी एकत्र द्यायचं? दोन्ही रिती या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

ठरलेल्या वेळी बदलणारी रीत

डेबियनची सुरुवात १९९३ ची. साधारण दर दोन वर्षांनी त्याची नवी स्थिर आवृत्ती येते. बारावी १० जून २०२३ ला आली, तेरावी ९ ऑगस्ट २०२५ ला. आवृत्ती येण्याआधी काही महिने ते लोक 'फ्रीझ' जाहीर करतात, म्हणजे गोठवण. त्या दिवसानंतर नवं काही आत घ्यायचं नाही, आत जे आहे त्यातल्या चुका काढायच्या. चुका पुरेशा कमी झाल्या की आवृत्ती बाहेर. त्यांनी तारखेपेक्षा तयारीला जास्त मान दिला आहे.

उबंटूने तारखेला मान दिला. २००४ च्या ऑक्टोबरात पहिली उबंटू आली, तिचा क्रमांक ४.१०. म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. तेव्हापासून दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला एक आवृत्ती. एकदाच हे चुकलं. २००६ ची एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ६.०६ आहे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती 'एलटीएस' असते, म्हणजे लांब मुदतीची. तिला पाच वर्षं मोफत दुरुस्ती मिळते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि सुमारे तेरा महिने सांभाळली जाते.

मग या काळात संगणकात अपडेट येतच नाहीत का? येतात, पण वेगळ्या प्रकारचे. समजा, एखाद्या पॅकेजची २.१ ही आवृत्ती तुमच्याकडे आहे आणि त्यात चोराला वाट देणारी एक चूक सापडली. पॅकेज लिहिणाऱ्याने ती २.५ मध्ये दुरुस्त केली. डेबियनवाले तुम्हाला २.५ देत नाहीत. ते त्या दुरुस्तीपुरता तुकडा काढतात आणि जुन्या २.१ मध्ये बसवून देतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. शर्टाचं बटण तुटलं तर बटण लावायचं, शर्ट बदलायचा नाही. त्यामुळे काल जो मेनू जिथे होता, तो आजही तिथेच असतो. काम किचकट आहे, आणि ते कुणाला तरी वर्षानुवर्षं करावं लागतं. 'स्थिर' या शब्दामागे हे श्रम आहेत.

सारखी बदलणारी रीत

आर्च लिनक्स २००२ पासून आहे. त्याला आवृत्तीचा क्रमांकच नाही. दर महिन्याला आर्चची एक नवी फाइल येते, पण ती फक्त नव्याने बसवणाऱ्यासाठी, त्या दिवसाचा फोटो म्हणून. ज्याने पाच वर्षांपूर्वी आर्च बसवलं आणि नियमित अपडेट केलं, त्याच्याकडेही आज तेच आर्च आहे. जेंटू, व्हॉइड, ओपनसुसेचं टम्बलवीड ही याच रीतीची. २०२० मध्ये सुरू झालेली गरुड लिनक्स आर्चवर उभी आहे आणि तिच्या संस्थापकांत भारतीय माणूस आहे.

या रीतीत मोठी उडी नसते. रोज किंवा आठवड्याला छोटे छोटे बदल येतात. नवं यंत्र घेतलं, त्याचं वायफाय जुन्या कर्नलला ओळखता येत नाही, अशी वेळ इथे कमी येते. एक अट मात्र कडक आहे. अपडेट करायचं तर सगळ्याचं करायचं. एकच पॅकेज नवं घेतलं आणि बाकी जुनं ठेवलं, असं आर्चमध्ये चालत नाही. कारण साधं आहे. दहा पॅकेजेस एकाच खालच्या लायब्ररीवर उभी असतात. एकाने नवी लायब्ररी ओढून आणली की उरलेली नऊ जुनी शोधत बसतात आणि उघडत नाहीत.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. पैठणच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटतं. कधी सुटणार, हे आधी कळतं. त्या हिशोबाने तुम्ही बांध-बंदिस्ती करता, माणसं लावता, आणि पाणी आलं की सगळं रान भिजवून घेता. मधल्या काळात कालवा कोरडा. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचं तसं नाही. त्याला वाटेल तेव्हा मोटार लावता येते, पण लक्षही त्यालाच ठेवावं लागतं. फिक्स्ड रिलीज म्हणजे आवर्तन, रोलिंग म्हणजे विहीर. हे उदाहरण एका जागी तुटतं, तेही सांगतो. विहिरीची मोटार आठ दिवस बंद राहिली तर पीक सुकेल, विहीर बिघडत नाही. रोलिंग लिनक्स चार महिने बंद ठेवलं तर ते स्वतःच अडचणीत येऊ शकतं. हे कसं, ते पुढे सांगतो.

आपलं अक्षर पडद्यावर कधी येतं?

तुम्ही म्हणाल, मेनू नवा की जुना याने आमचं काय बिघडतं? म्हणून अक्षरांचं उदाहरण घेऊ.

१५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं. पण मंजूर झालं म्हणून ते संगणकात येत नाही. आधी युनिकोडच्या तक्त्यात त्याला जागा मिळावी लागते, मग टंकात त्याचं चित्र यावं लागतं, मग तो टंक तुमच्या यंत्रावर यावा लागतो. युनिकोडने ₹ ला ऑक्टोबर २०१० मध्ये सहाव्या आवृत्तीत जागा दिली. त्याच महिन्याच्या १० तारखेला उबंटू १०.१० आली आणि तिच्यासोबतच्या नव्या टंकात ₹ होतं. इथे ठरलेल्या वेळेची रीत आपल्या बाजूने पडली. चिन्ह वेळेवर फलाटावर आलं आणि गाडी मिळाली. एप्रिलमध्ये सुटलेल्या १०.०४ या लांब मुदतीच्या आवृत्तीत मात्र ते असणं शक्यच नव्हतं. ज्याने 'पाच वर्षं बघायला नको' म्हणून मोठ्या यंत्रावर ती बसवली होती, त्याला हे चिन्ह वेगळं मिळवावं लागणार होतं.

दुसरं उदाहरण याच गावाशी जोडलेलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून अंतरवाली सराटीचं नाव राज्यभर घेतलं जाऊ लागलं. त्याच महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. त्या शोधात बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या खापरपणजोबांच्या काळातले कागद देवनागरीत नाहीत, मोडीत आहेत, काही उर्दूत आहेत. आरक्षणाच्या प्रश्नावर आज बोलायचं नाही. त्या कागदांचं काम कोणत्या यंत्रांवर झालं, हाही आजचा विषय नाही. पण असं काम संगणकावर करायचं ठरलं तर यंत्राकडून काय लागतं, ते बघण्यासारखं आहे.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती सातव्या आवृत्तीत, जून २०१४ मध्ये. उबंटू १४.०४ आली एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे दोन महिने आधी. ही लांब मुदतीची आवृत्ती होती, तिची मोफत मुदत एप्रिल २०१९ पर्यंत. मोडीचा टंक तुम्ही बाहेरून उतरवून तिच्यात टाकू शकत होता. पण टंक असला म्हणजे मोडी नीट दिसते असं नाही. मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं योग्य जागी बसवणारा वेगळा भाग प्रणालीत असतो. त्याला मोडीचे नियम ठाऊक असावे लागतात, आणि तो भाग गोठवलेला होता. लांब मुदतीच्या वाटेने जाणाऱ्याला २०१६ च्या एप्रिलपर्यंत, पुढच्या आवृत्तीपर्यंत, वाट बघायची होती. आर्चवाल्याकडे तो भाग जसा सुधारत गेला तसा येत गेला.

म्हणजे रोलिंग जिंकलं का? थांबा. आता काम प्रत्यक्ष सुरू झालं असं धरा. हजारो पानं स्कॅन करायची आहेत. स्कॅनर जोडलेला आहे, फायलींना नावं देण्याची पद्धत ठरली आहे, वाचून देवनागरीत उतरवणारे चार लोक रोज आठ तास बसले आहेत आणि महिन्याअखेर काम द्यायचं आहे. अशा वेळी मंगळवारी सकाळी अपडेट आला आणि स्कॅनर ओळखणारा भाग बदलला, तर? दुरुस्ती तासाभराची असेल, पण ती करणारा माणूस जालन्याला किंवा संभाजीनगरला असतो. नवीन लिपी हवी तेव्हा नवेपण लागतं. काम सुरू झालं की तेच नवेपण अडथळा होतं. त्यामुळे शहाणा माणूस इथे वेगळं करील. ज्या आवृत्तीत मोडीची सोय पक्की झाली आहे ती निवडील, सगळं तपासून घेईल, आणि काम संपेपर्यंत तिला हात लावणार नाही. डेबियनवाले सगळ्यांसाठी मिळून जी गोठवण करतात, तीच त्याने आपल्या टेबलापुरती केली.

पहिला धक्का कोण सोसतं?

आता सुरक्षिततेकडे येऊ. 'नवं ते सुरक्षित' असं काहीजण म्हणतात, 'जुनं ते सुरक्षित' असं काहीजण. २०२४ च्या मार्चमध्ये जे घडलं त्याने दोघांनाही विचार करायला लावलं.

एक्सझेड नावाचं एक पॅकेज आहे. फायली दाबून लहान करण्याचं साधं काम ते करतं, आणि जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी बराच काळ इमाने मदत करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूर बसून यंत्रात शिरता येईल असा. हा प्रकार २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केला. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. दुसऱ्याच कशाची मोजमापं घेत असताना त्यांच्या लक्षात आलं की यंत्रात लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे ते गेले.

या दोन आवृत्त्या कुठे पोचल्या होत्या? डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या शाखांत, फेडोराच्या तयार होत असलेल्या आवृत्तीत, टम्बलवीडमध्ये, आर्चमध्ये. आर्चमध्ये तो दरवाजा उघडण्यासाठी लागणारी जोडणी नव्हती म्हणून बचावलं, पण पॅकेज आलेलं होतं. डेबियनची स्थिर आवृत्ती, बाहेर पडलेल्या उबंटू, रेड हॅटची व्यापारी आवृत्ती, यांत ते नव्हतं. त्या अजून जुन्या एक्सझेडवरच होत्या. उबंटू २४.०४ ची चाचणी आवृत्ती यामुळे आठवडाभर पुढे गेली.

ठरलेल्या वेळेची रीत इथे वाचली, हे खरं. पण दुसरी बाजू बघा. फ्रॉइंड यांच्यासमोरचं यंत्र डेबियन अनस्टेबलचं होतं. म्हणजे सारखी बदलणारी शाखा. कुणीतरी ती रोज वापरत होता म्हणून दोष उघडा पडला. सगळे स्थिर आवृत्तीवरच बसले असते तर तो चोरदरवाजा कुणी न बघता पुढच्या गोठवणीत शिरला असता आणि पाच-पाच वर्षं चालणाऱ्या यंत्रांत जाऊन बसला असता.

या दोन रिती एकमेकींच्या शत्रू आहेत असं आपल्याला वादावादीत ऐकू येतं. प्रत्यक्षात त्या एका साखळीच्या कड्या आहेत. डेबियनमध्ये तर हे उघडच आहे. पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, तिथे टिकलं तर टेस्टिंगमध्ये, आणि टेस्टिंग गोठवली की तिची स्थिर आवृत्ती होते. पुढे चालणारे लोक खड्ड्यांत पाय घालतात म्हणून मागून येणाऱ्यांची वाट सपाट होते. तुम्ही यातल्या कोणत्या जागेवर चालणार, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे.

दोन्हीकडचे खड्डे

रोलिंगचा खड्डा कसा असतो? ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च आणि आर्चवर उभ्या असलेल्या काही डिस्ट्रोंच्या वापरणाऱ्यांनी नेहमीसारखं अपडेट केलं, संगणक पुन्हा सुरू केला आणि तो सुरूच होईना. ग्रब नावाचा जो भाग यंत्र चालू होताना लिनक्सला हाक मारतो, त्याचं पॅकेज नवं झालं होतं. पण डिस्कच्या सुरुवातीला बसलेला ग्रबचा तुकडा जुनाच राहिला होता, कारण आर्चमध्ये तो आपोआप बदलत नाही. नव्या पॅकेजने लिहिलेली सूचना जुन्या तुकड्याला कळेना. उपाय अवघड नव्हता. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचं आणि ग्रब पुन्हा बसवायचा. ज्याला हे येतं त्याचा अर्धा तास गेला. ज्याला येत नाही त्याचा संगणक त्या दिवशी बंद पडला.

मघाशी म्हटलं ना, रोलिंग यंत्र बंद ठेवलं तर अडचणीत येतं? ते असं. आर्चची पॅकेजेस सही करून येतात आणि त्या सह्या तपासायच्या किल्ल्या तुमच्या यंत्रात असतात. किल्ल्याही काळाने बदलतात. शाळेचा संगणक एप्रिलअखेर बंद केला आणि जूनच्या मध्यात उघडला, तर एकीकडे मोठा ढिगारा उतरवायचा असतो आणि दुसरीकडे नवी सही जुन्या किल्लीला ओळखू येत नाही. आधी किल्ल्यांचं पॅकेज नवं करायचं, मग बाकीचं. माहीत असलेल्याला दोन मिनिटांचं काम आहे. माहीत नसलेल्याला पडद्यावर फक्त लाल अक्षरं दिसतात.

ठरलेल्या वेळेच्या रीतीतही खड्डे आहेत, फक्त ते आवाज न करता येतात. पहिला खड्डा मुदत संपण्याचा. नऊ महिन्यांची उबंटू बसवली आणि विसरून गेलो, तर दहाव्या महिन्यात काहीच बिघडत नाही. यंत्र चालतं, सगळं दिसतं तसंच असतं, फक्त दुरुस्त्या यायच्या थांबतात. दुसरा खड्डा दिलेल्या वचनाचा. सेंटओएस ८ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल अशा समजुतीने जगभरच्या लोकांनी सर्व्हरवर बसवली होती. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल, आणि पुढे सेंटओएस स्ट्रीम असेल, रेड हॅटच्या येणाऱ्या आवृत्तीच्या थोडी पुढे सतत सरकणारी. ज्यांनी 'दहा वर्षं बघायला नको' म्हणून ती निवडली होती, त्यांच्या हातात वर्षभर उरलं. त्यातूनच २०२१ मध्ये रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभ्या राहिल्या. कॅलेंडर असलं तरी ते कुणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं.

मधल्या वाटा

आज बहुतेक लोक टोकाला राहत नाहीत. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतसुद्धा फायरफॉक्सची लांब मुदतीची आवृत्ती असते आणि ती साधारण वर्षाने पुढची होते, कारण जुन्या ब्राउझरला टाके घालत बसणं परवडत नाही. खालची प्रणाली गोठवलेली ठेवून वर एखाद-दुसरं ॲप फ्लॅटपॅकने नवं घेता येतं. तो ॲप आपल्या लायब्ररी स्वतःसोबत आणतो, खालच्याला धक्का लावत नाही. जागा आणि डेटा मात्र जास्त खातो. उलट बाजूने, आर्चमध्ये लांब मुदतीचं कर्नलही मिळतं. टम्बलवीडमध्ये बदल बाहेर सोडण्याआधी यंत्रांकडून आपोआप तपासून घेतले जातात. टम्बलवीड आणि गरुड, दोन्हींत अपडेटच्या आधी प्रणालीचा स्नॅपशॉट ठेवण्याची सोय आहे. बिघडलं तर यंत्र सुरू होतानाच कालचा स्नॅपशॉट निवडायचा आणि मागे जायचं. रोलिंग वापरणाऱ्याने ही सोय नाकारू नये, असं आमचं मत आहे.

कसं ठरवायचं?

चार प्रश्न विचारा. यंत्र बिघडलं तर ते नीट करणारा माणूस त्याच खोलीत आहे का? यंत्र रोज चालू असतं की महिनोन्‌महिने बंद राहतं? इंटरनेट कसं आहे, कारण रोलिंगचा अपडेट अनेकदा शेकडो एमबीचा असतो आणि तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायचा असेल तर दिवसाचा डेटा त्यातच जातो. आणि चौथा, यंत्राचे भाग अगदी नवे आहेत का? पहिल्या तिघांचं उत्तर अनुकूल असेल आणि शिकायची हौस असेल तर रोलिंग जरूर घ्या. लिनक्स आतून कसं चालतं ते तिथे लवकर कळतं. यंत्र दुसऱ्यांच्या कामाचं असेल, म्हणजे शाळा, वाचनालय, पतसंस्था, सेवा केंद्र, तर लांब मुदतीची आवृत्ती घ्या आणि तिची मुदत संपण्याची तारीख यंत्रावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. वहीत लिहिलेली तारीख हरवते.

श्रोत्यांचे प्रश्न

*शाळेतले संगणक बारा-पंधरा वर्षांचे आहेत. त्यांना काय चालेल?*

आधी ते ३२ बिटचे आहेत की ६४ बिटचे ते बघा. आर्चने ३२ बिटची साथ २०१७ मध्येच सोडली. डेबियन १३ मध्येही ३२ बिटच्या जुन्या यंत्रावर बसवायची सोय राहिलेली नाही. डेबियन १२ मध्ये ती आहे. ६४ बिटचे असतील तर डेबियन १३ हलक्या डेस्कटॉपसोबत घ्या, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. या उदाहरणात दोन रितींचा फरकही दिसतो. दोघींनी जुन्या यंत्रांना निरोप दिला, पण एकीने काही महिन्यांच्या सूचनेवर, दुसरीने आणखी काही वर्षं सांभाळून.

*फिक्स्ड घेतलं तर दोन वर्षांनी सगळं पुन्हा बसवायचं का?*

नाही. डेबियन आणि उबंटू, दोन्हींत जुन्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जागच्या जागी जाता येतं. डेबियनमध्ये एकेक आवृत्ती करत जायचं, मधली गाळायची नाही. एक दिवस राखून ठेवा. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत ठेवला तर उत्तम. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, वीज जाणार नाही याची सोय करा, एका संगणकावर करून बघा आणि चार दिवस वापरून मग बाकीच्यांवर करा.

*आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला रोलिंग वापरायचं आहे. वापरू द्यावं का?*

त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जरूर. स्नॅपशॉटची सोय लावून, आणि परीक्षेच्या आठवड्यात अपडेट न करण्याच्या अटीवर. नवं आधी वापरून बघणारे आणि बिघाड कळवणारे लोक असतात म्हणून मागच्यांची आवृत्ती चांगली निघते. मोडी किंवा देवनागरीचं एखादं अक्षर नव्या आवृत्तीत वेडंवाकडं दिसलं तर ते मराठी वाचणाऱ्यालाच आधी खटकणार. त्याने ते त्याच आठवड्यात लिहून कळवलं, तर दोन वर्षांनी शाळेच्या संगणकावर जी स्थिर आवृत्ती येईल तिच्यात ते अक्षर नीट असेल.